नमुना क्रमांक सत्तेचाळीस

"कुठलीही गोष्ट किती दिवस टिकेल, हे मी नुसता वास घेऊन सांगतो!" असं मुदतराव छातीठोकपणे म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यात 'या तारखेपूर्वी खावे' ही पाकिटावरची तारीख गेली चौदा वर्षं तेच ठरवत होते. 'मुदतराव' हे नाव त्यावरूनच पडलेलं. खरं नाव हजेरीपुस्तकात काय ते उरलं होतं.

तर अशा माणसाला मुलगी झाली आणि बायकोने नाव सुचवलं.

तिने ते कॉलेजात असतानाच ठरवून ठेवलं होतं. तेव्हा नवऱ्याचा पत्ता नव्हता, पण मुलीचं नाव तयार! तीन अक्षरी, साधं, हाक मारताना तोंडाला कसलेही कष्ट न देणारं.

"छान आहे," मुदतराव म्हणाले. इथेच गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. "पण टिकेल का?"

"टिकेल का म्हणजे? नाव आहे ते, टोस्ट नाही."

"अगं, नावं दोन तऱ्हेने वाया जातात. फार नवं असलं तर वर्गात त्याच नावाच्या सात जणी, आणि फॅशन गेली की सातही जणी एकदम शिळ्या. फार जुनं असलं तर पोरगी पाळण्यात आणि नाव काठी टेकत चाललंय! मला चार दिवस दे. शास्त्रशुद्ध तपासणी करतो."

बायको त्याच कारखान्यात पॅकिंग विभागाची प्रमुख होती, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. त्यामुळे नवऱ्याच्या शास्त्राशी तिचा जुना परिचय होता.

"शुक्रवारी चार वाजता जन्मनोंदणीची मुदत संपते, खिडकी बंद होते," ती म्हणाली. "तोवर तुमचं काय ते ठरलं नाही, तर आईने सुचवलेलं नाव लागेल."

मुदतरावांच्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी सुचवलेलं नाव त्यांच्या फोनमधून निघालं होतं. अर्थ विचारला तर म्हणायच्या, "अर्थ कशाला हवाय जावईबापू? ऐकायला भारी वाटतं ना, झालं!"

मंगळवारी संध्याकाळी मुदतराव बागेत गेले. घसरगुंडी आणि बाकं यांच्या बरोबर मध्ये उभे राहिले आणि खणखणीत आवाजात त्यांनी ते नाव पुकारलं. युक्ती सोपी होती. पोरं वळली तर नाव फार नवं. म्हातारी माणसं वळली तर फार जुनं.

घसरगुंडीवरून चार वर्षांची एक मुलगी ओरडली, "काय?"

आणि बाकावरून सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "आले रे!"

मुदतराव खांबासारखे उभे! चौदा वर्षांत एकाच वेळी कच्चं आणि करपलेलं बिस्किट त्यांनी पाहिलं नव्हतं. ते काही बोलायच्या आत आजींनी त्यांना गाठलं.

"कोणाचा रे तू? धाकटीचा का? केवढा सुटलायस! चल, पिशवी धर."

"आजी, मी तुम्हाला नाही..."

"मग नाव घेऊन कोणाला बोंबलत होतास?"

मुदतरावांनी पिशवी धरली. पिशवीत दोन कलिंगडं होती आणि आजी चौथ्या मजल्यावर राहत होत्या. लिफ्ट बंद होती.

बुधवारी, दुखरा खांदा चोळत, मुदतरावांनी शेवटचं अस्त्र काढलं. कारखान्यात सहा चाखणारे होते. रोज दुपारी तीन वाजता ते आपापल्या कप्प्यात बसून बिस्किटं चावत आणि दहापैकी गुण देत. त्या दिवशी बशीत बिस्किटाऐवजी एक चिठ्ठी आली. चिठ्ठीवर ते नाव आणि वर 'नमुना क्रमांक ४७'. ताजेपणा, ओळखीची चव आणि मागे रेंगाळणारी चव यांना गुण द्यायचे होते.

सहाही जणांनी निमूटपणे दिले. एवढी वर्षं बिस्किटं चाखल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही. सरासरी साडेआठ! एकाने शेराही मारला होता, 'पुन्हा मागून घेईन.'

मुदतराव हवेत! पण गुरुवारी सकाळी विक्रीप्रमुख बाई तोच तक्ता नाचवत आत आल्या.

"अहो मुदतराव, नव्या क्रीम बिस्किटाला काय नाव शोधलंत! साडेआठ! शुक्रवारी पाकिटं छापायला टाकते."

"बाई, ते नाव... बिस्किटाचं नाहीये."

"मग कशाचं आहे?"

मुदतरावांनी तक्ता झटकन उलटा घातला. चाखणाऱ्यांना खासगी वस्तू देणाऱ्याला मेमो, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. घरचा केक चाखायला दिला म्हणून एका फिटरला गेल्याच महिन्यात तो मेमो त्यांनीच दिला होता, वर भाषणासकट.

"म्हणजे... ते कच्चं आहे अजून," ते म्हणाले. "उद्या सविस्तर अहवाल देतो."

शुक्रवारी दुपारी, वर ते नाव ठळक लिहून, त्यांनी जीव ओतून अहवाल लिहिला. लेकीचं नाव वाचवायचं होतं! 'सदर नाव वरकरणी खुसखुशीत, परंतु आतून पोकळ. जिभेवर जुनाट वास रेंगाळतो. दमट हवेत दोन वर्षांत मऊ पडेल. कोणालाही देण्यास सर्वथा अयोग्य.' खाली सही, शिक्का, तारीख. फोटो काढून त्यांनी तो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत बाईंचा त्यांना एकट्याला निरोप आला, 'नाव रद्द. दुसरं शोधते.'

साहेबांकडून लवकर जायची परवानगी मिळवायला मुदतरावांना दोन तास लागले, मग त्यांनी घराकडे धूम ठोकली. सव्वातीनला ते धापा टाकत दारात पोचले, तर बायको बाळाला घेऊन रिक्षातून उतरत होती.

"नाव पास!" ते ओरडले. "साडेआठ! चल लवकर, खिडकी बंद होईल!"

बायकोने शांतपणे पर्समधून पावती काढून त्यांच्या हातात दिली. पावतीवर सासूबाईंचं नाव होतं. म्हणजे सासूबाईंच्या फोनमधलं.

"अगं हे काय?"

"घरी तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून चौतीस जणांच्या ग्रुपवर टाकलंत? मी रजेवर आहे, ग्रुपवरून गेलेले नाही!" तिने फोन त्यांच्यापुढे धरला. "आतून पोकळ! जुनाट वास! एवढं वाटत होतं तर मला म्हणायचंत. शिक्का मारलेला पाहिला आणि म्हटलं, जाऊ दे, लग्नानंतर एकदा तरी यांचं ऐकावं."

मुदतरावांनी दारातच सगळं सांगितलं. बाग, आजी, कलिंगडं, चाखणारे, क्रीम बिस्किट. बायकोचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू वेडावाकडा झाला आणि शेवटी ती हसत सुटली. हसता हसता म्हणाली, "सोमवारी दुरुस्ती करून आणा. नाहीतर याच पावतीसकट आईकडे राहायला जाते."

सोमवारी दोघं बाळाला घेऊन खिडकीशी उभे राहिले. नाव दुरुस्तीच्या अर्जात सगळं सोपं होतं. फक्त शेवटचा रकाना होता 'कारण (थोडक्यात)' आणि तो होता काडेपेटीएवढा. मुदतरावांनी आधी बागेपासून सुरुवात केली, आजींपर्यंत जागा संपली. दुसरा अर्ज घेतला. चाखणाऱ्यांपाशी अडकले. तिसऱ्या अर्जावर घाम पुसत त्यांनी एकच शब्द लिहिला आणि डोळे मिटून अर्ज आत सरकवला.

कारकुनाने तो वाचला. चष्मा वर केला. मुदतरावांकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं.

"हे काय लिहिलंय?"

"बिस्किट," मुदतराव पुटपुटले. मान खाली घालून ते वाट पाहू लागले. आता साहेबांना बोलावणार, आता सगळं समजावून सांगावं लागणार!

कारकुनाने अर्ज परत सरकवला.

"कारण काहीही चालतं हो. अक्षर जरा नीट काढा."