पिशवीभर ज्वारी आणि एक नाकतोडा

हा फोटो जमला तर पंचाक्षरीला एकच फायदा होता, पण तो मोठा होता. सिरसाळ्यातल्या बंकटच्या स्टुडिओच्या काचेतून पंचाक्षरीचा लग्नातला फोटो कायमचा उतरणार होता. त्या फोटोत नवरदेवाचे डोळे मिटलेले आणि तोंडात अर्धा लाडू. साखर घ्यायला आलेली गिऱ्हाइकं त्याला त्याच्या किराणा दुकानात विचारत, "शेठ, लाडू गिळला का?"

बंकटची अट साधी होती. "बारक्या जिवाचा डोळा लख्ख दिसंल असा फोटो आण बे. तुझा उतरवतो, त्यो लावतो."

फोटो काढायचा ठरला सासुरवाडीत, केजच्या पलीकडे. एसटीत उभं राहावं लागलं तर खांदा आपलाच, म्हणून पंचाक्षरीने निघण्याआधी सगळं सामान दुकानातल्या काट्यावर चढवलं. मोठी लेन्स बाद. फ्लॅश बाद. राहिला छोटा कॅमेरा आणि जवळून टिपायची बोटभर लेन्स. स्टँड एकटाच त्या दोघांना भारी भरला, तोही गेला.

"मग कॅमेरा टेकवायचा कशावर?" बायकोने, शिवकन्येने विचारलं.

"कापडी पिशवीवर. ज्वारी भरली की कॅमेरा घट्ट बसतो. पिशवी रिकामी न्यायची. तुझ्या माहेरी ज्वारी न्हाई का?"

"हाय की. पर ज्वारीवर टपलेलेबी लई हायत तिथं."

हा टोमणा मेव्हण्यांना असावा, असं समजून तो गालात हसला. पिशवीही त्याने सगळ्यात हलकी निवडली : जुन्या धोतराच्या विरलेल्या कापडाची.

सासूबाई बसम्मांनी ज्वारी दिली. "जावईबापू, एवढीशीच कावून? पोतं हाय की."

अंगणाच्या कडेला गवताच्या काडीवर नाकतोडा बसला होता. पंचाक्षरी पिशवी मांडून पालथा पडला.

"अहो, शेजारच्या कडूबाईंच्या कोंबड्या सुटल्यात," शिवकन्या म्हणाली.

त्याने मागे न बघता बोटाने गप्प बसायची खूण केली. तेवढ्यात नाकतोडा चौकटीत हळूहळू वर सरकायला लागला. "हलू नको बे," तो पुटपुटला. नाकतोडा हलतच नव्हता. खाली बसत होता तो कॅमेरा. एका कोंबडीने विरलेल्या कापडाला चोचीने खिडकी पाडली होती आणि ज्वारी निवांत बाहेर येत होती.

शेवटी डोळा लख्ख दिसला. पंचाक्षरीने श्वास रोखून बटण दाबलं. त्याच क्षणी कोंबडीला ज्वारीचा कंटाळा आला. फोटोत फक्त हलणारी काडी आली.

तो तोंड वासून बघत राहिला. कोंबडी त्याच्या नाकासमोर उभी राहिली आणि शिवकन्येच्या मोबाइलचा कॅमेरा वाजला, खट्.

"लई जवळून आलाय," ती म्हणाली.

शिवकन्येने तोच फोटो बंकटला दाखवला. बंकट शब्दाचा पक्का. कोंबडीचा डोळा खरंच लख्ख होता, मागे पंचाक्षरीचा जबडा थोडा धूसर. लग्नाचा फोटो उतरला, हा चढला, दुप्पट मोठा करून.

ज्वारी गेली सासूबाईंची, जीव गेला नाकतोड्याचा, पोट भरलं कडूबाईंच्या कोंबडीचं. काचेत तोंड मात्र पुन्हा पंचाक्षरीचंच, आणि या खेपेला लाडूसुद्धा नाही.