मुद्दाम उडवलेला रंग

"रंग उडालेला हवाय," धाकटीनं रंगाऱ्याला सांगितलं.

"उडालेलाच आहे की, मॅडम."

"तो आपोआप उडालाय. मला मुद्दाम उडवलेला हवाय."

रंगाऱ्यानं भिंतीवर नख घासून पाहिलं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या घरचे पोपडे झाकले होते. पोपडे पाडून द्या असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं काम केलं, मन लावून केलं आणि जाताना एवढंच म्हणाला, "कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

जेवणाची खोली बदलली. भिंती मातकट. पडदे गोणपाटासारख्या जाड्याभरड्या कापडाचे. टेबल कोऱ्या लाकडाचं, पण सुताराकडून साखळीनं बडवून घेतलेलं. पाहणाऱ्याला वाटावं, तीन पिढ्यांनी त्यावर भाजी चिरली. चार खुर्च्या चार तऱ्हेच्या, एकीचं दुसरीशी पटत नसल्यासारख्या. याला रस्टिक म्हणतात. रंगांना न्यूट्रल म्हणतात. नवऱ्यालाही म्हणता आलं असतं, कारण त्याला काहीही विचारलं तरी तो "तुझंही बरोबर आहे" म्हणायचा.

धाकटीला फक्त एक वाक्य ऐकायचं होतं. थोरली जाऊ या घरी येऊन दर वेळी म्हणायची, "छान आहे हं, तुमच्या मानानं." त्यातलं 'तुमच्या मानानं' गेलं की झालं. सगळा खटाटोप त्या दोन शब्दांसाठी.

रविवारी थोरली जेवायला आली. दारातच थबकली. भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही, तरी रुमालाला पुसलं. टेबलावरच्या खाचा पाहिल्या. खुर्च्या मोजाव्यात तशा पाहिल्या. धाकटी त्या वाक्यासाठी कान टवकारून उभी होती.

पण पानं वाढून धाकटी पाणी आणायला वळताच थोरली दिराकडे झुकली.

"कधीपासून चाललंय हे, भावजी?"

"झाले की दोनेक महिने." त्याला वाटलं, रंगकामाचं विचारतायत.

"आणि आम्हाला कळवलंही नाहीत?"

"हिचं म्हणणं, उगाच आधी बोभाटा नको."

"नोकरी आहे ना?"

"आहे की," तो म्हणाला. तोंडात घास होता, त्यामुळे ते फारच रडवेलं निघालं.

धाकटी परत आली तर थोरलीचे डोळे भरलेले. "ताई, हे मुद्दाम केलंय हं," ती घाईनं म्हणाली.

"हो गं बाई." थोरलीनं तिचा हात हातात घेतला. "मुद्दामच केलंय. कोण काय म्हणतंय?" आणि स्वतःच्या वाटची भाजी तिनं धाकटीच्या ताटात वाढली.

यापुढचा भाग फोनवर घडतो. तिथे भिंती नसतात, नुसते आवाज असतात.

थोरली, नणंदेला: "पडदे विकलेत गं. गोणपाट लावलंय!"

नणंद, थोरलीला: "अगंबाई! तरी धाकटा दादा परवा म्हणालाच मला, आता साधंच राहायचं."

नणंद, धाकटीला: "काही लागलं तर सांग. परकं समजू नकोस."

धाकटी, नणंदेला: "वन्सं, अहो, ही स्टाइल आहे!"

नणंद, थोरलीला: "हसत होती हो बिचारी. स्टाइल आहे म्हणाली. झाकली मूठ, दुसरं काय!"

शनिवारी टेम्पो आला. थोरलीनं स्वतःचं जेवणाचं टेबल पाठवलं होतं: जाड काचेचं, सोनेरी पायांचं, मखमली खुर्च्यांसकट. सोबत नणंदेकडचे चकचकीत पडदे आणि एक झुंबर. हमालांनी बडवलेलं टेबल पाहून विचारलं, "हे भंगारात ना, साहेब?"

"तुमचंही बरोबर आहे," नवरा म्हणाला. टेबल गेलं.

"सगळं परत पाठवा!" धाकटी कडाडली.

"अगं, वहिनींनी स्वतःची खोली रिकामी केली आपल्यासाठी. परत कुठल्या तोंडानं पाठवायचं?"

धाकटीनं बोलावं तर कृतघ्न, गप्प बसावं तर गरीब.

तिकडे थोरलीच्या रिकाम्या खोलीत माळ्यावरची फळी दोन खोक्यांवर आली. नवीन टेबल येईपर्यंत, एवढंच. पण शेजारीण आली आणि दारातच थबकली. "अय्या, किती शांत वाटतं तुमच्याकडे! कुणाकडून करून घेतलंत?" मग शेजारणीच्या मैत्रिणी आल्या. त्यांनी फळीचे फोटो काढले. नवीन टेबल आलंच नाही.

त्यानंतर थोरली धाकटीकडे आली. स्वतःच्याच मखमली खुर्चीत, स्वतःच्याच टेबलाशी बसली. काचेत झुंबर चमकत होतं. तिनं डोळे बारीक केले.

"फार भरून टाकलंस गं," ती मायेनं म्हणाली. "असं भडक नसतं करायचं. साधेपणाला नजर असावी लागते. मी शिकवीन तुला हवं तर."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मलाही तेच वाटत होतं, वहिनी," नवरा म्हणाला. लग्नानंतर त्यानं पहिल्यांदाच स्वतःचं मत दिलं होतं.