हकीकत डाव्या पोटरीच्या नाकेबंदीची

श्रीअंबादेवी समर्थ. शके १९४७, विश्वावसू नाम संवत्सरे, कसबे अमरावती येथील राजश्री खुशालराव, पाटबंधारे खात्याचे निवृत्त अभियंता व प्रभात फेरी मंडळाचे तहहयात सरलष्कर, यांचे डाव्या पोटरीवर जो बिकट प्रसंग गुदरला, त्याची हकीकत शेजाऱ्यांचे तोंडून ऐकोन व खुद्द पायाची साक्ष घेऊन येणेप्रमाणे लिहिली असे.

खुशालराव फेरीचे अग्रभागी चालत आणि मागे रेंगाळणाऱ्यास 'गोगलगाय' ऐसा किताब बहाल करीत. मग मृगात ऐसे जाहले की तीनशे पावलांनी पोटरीत गोळा यावा, उभे राहता उतरावा, आणि पुन्हा तीनशे पावलांनी हजर व्हावा. पहिला मुक्काम नेमका ताहेरमियांच्या बांगड्यांच्या दुकानासमोर पडू लागला. सरलष्कराने दुखते म्हणावे तरी कैसे? म्हणोन ते काचेआडच्या बांगड्या निरखीत उभे राहत, आणि हे महिनाभर चालले, आणि बातमी त्यांचे कुटुंब जमुनाबाईसाहेब यांचे कानी गेली. बाईसाहेबांनी जाब पुसला, "कोनासाठी पाहून राहिले जी?"

मग नाइलाजे पोटरी कबूल केली आणि रक्त तपासणीस रवाना जाहले. कागद आला तो ऐसा, की रक्तात चरबी वाहणारे दोघे. एलडीएल नामे गनीम, जो रसद नेता नेता धमन्यांच्या तटात शिरोन ठाणे मांडतो, तो उदंड. आणि एचडीएल नामे इमानी सरदार, जो उरलीसुरली चरबी उचलोन यकृताकडे रुजू करतो, तो थोडका. गल्लीच्या डॉक्टरांनी फर्माविले, चांगले वाढवा, वाईट कमी करा. खुशालरावांनी स्वबुद्धीने अर्थ लाविला, की वाईट म्हणजे हॉटेलचे आणि चांगले म्हणजे घरचे. मग हॉटेल वर्ज्य करोन वांग्याच्या भाजीवर घरच्या तेलाची दोन बोटे तर्री आणि रोडग्यांवर साजूक तुपाची धार, ऐसी कुमक दोन्ही वक्त पोटात उतरविली. तंबाखू-सुपारीचा खर्राही टपरीचा सोडोन घरीच घोटला. गनीम खूश जाहला. तीनशे पावलांची शंभर जाहली.

तेव्हा जमुनाबाईंनी त्यांस अकोल्यास रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर तुबा यांचे दरबारी हजर केले. त्यांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजिला; घोट्याचा निम्मा भरला. बोलल्या, "काकाजी, पायाची नस बुजून राहिली. उद्या बोटाले जखम झाली अन् भरली नाही, तर पाय काढा लागन. नसेले घर अन् हॉटेल समजत नाही." खुशालराव भ्याले. खरेच भ्याले, बखरकाराने ते लपवू नये.

फर्मान सुटले, की खर्रा बंद, तूप-तर्री बंद, गोळी रोज, आणि दुखेतो चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, लाज न धरता. खर्ऱ्याने आठ दिवस फितुरी केली, मग तोही जेर जाहला. लाज मात्र महिनाभर भांडली. अखेर सरलष्कर गोगलगायींच्याही मागे चालले, आणि "दुखते" ऐसे मोठ्याने सांगोन थांबले.

मग पौष वद्य पंचमीस, राजापेठेपासोन राजकमल चौकापर्यंत एका दमात कूच करिता, खुशालराव ताहेरमियांचे दुकान न थांबता पार करते जाहले. गनीम पुरता हटला नाही, परंतु त्याची आगेकूच थांबली आणि पाय शाबूत राहिला. तोच मागून येणाऱ्या बाईसाहेबांचा हुकूम आला, "थांबा जी. इतके दिवस नुसत्या पाह्यल्या, आता घेऊन द्या."

सरलष्कर चार पावले माघारी फिरले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन हिरव्या दोन डझन बांगड्या बाईसाहेबांचे हाती रुजू जाहल्या, हे नमूद असावे.