सगुणाबाईची नटी

अकोल्याच्या जठारपेठेत दारोदार फुलं विकणाऱ्या सगुणाबाईनं एका सोमवारी गजरे देणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "आमची बाई विधवा झाली."

माझ्या बायकोला वाटलं, नात्यातलंच कुणी गेलं. तिनं बसायला पाट दिला, चहा टाकला आणि हळूच विचारलं, "कशानं गेले हो?"

"पुलावरून घोडागाडी पडली," सगुणाबाई म्हणाली. "आन मंग मध्यंतर झालं."

ही बाई म्हणजे सिनेमातली एक नटी होती. जाहिरातीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असे, पण सगुणाबाईला वाचता येत नव्हतं आणि नावाची तिला गरजही वाटत नव्हती. थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीतल्या गणपतीला ती रोज हार देई. त्या बदल्यात दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला बसायला मिळे. त्या वर्षी या नटीची चित्रं एकामागून एक लागली आणि सगुणाबाईनं एकही सोडलं नाही.

गजरे बंद झाले ते ऐन लग्नसराईत. आमच्या आळीतल्या बायका फुलांसाठी पार बाजारापर्यंत जाऊ लागल्या. सगुणाबाई मात्र हटली नाही. पुढचं चित्र लागलं तेव्हाच सुतक फिटलं, कारण त्यात नटी राणी झाली होती. आता सगुणाबाईची भाषा बदलली. "आज शेवंती घ्या. गुलाब तुमच्या घराले शोभत नाही," असं ती आमच्याच दारात उभी राहून सांगू लागली.

तिसऱ्या चित्रात नटी पुरुषाचा वेष करून डाकू झाली. आमच्या चौकातला जमादार सगुणाबाईच्या टोपलीतून रोज एक हार फुकट उचलत असे. डाकूचं चित्र पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा हात धरला. "ठेवा तो हार. आमच्या बाईनं काल तुमच्यासारख्या चार जनांले लोळवलं."

जमादारानं कधी सिनेमा पाहिला नव्हता. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावरची कुणी बाई असेल, असं समजून त्यानं हार खाली ठेवला आणि पुन्हा कधी उचलला नाही.

मी एकदा तिला समजावून पाहिलं, की या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

"संबंध कसा नाही?" ती म्हणाली. "विधवा झाली, मंग राणी झाली, मंग डाकू. बाईच्या जातीले येका जलमात काय काय करा लागते बाप्पा. तुमी मास्तर हाय, तुमाले शाळेतलं समजते."

चौथं चित्र आधी अमरावतीला लागलं. दिवाळीत सासुरवाडीला गेलो असताना मी ते पाहिलं. परत आल्यावर सगुणाबाईनं पहिला प्रश्न केला, "काय झाली आता आमची बाई?" मी म्हटलं, तुम्हीच पाहा. खरं सांगायचं मला जिवावर आलं होतं. त्यात नटी म्हातारी झाली होती.

ते चित्र अकोल्याला आलं तेव्हा माझी बायको तिच्याबरोबर गेली. बावीस-तेवीस वर्षांची ती पोर, केसांना पांढरा रंग फासलेला, आणि समोर तिचा मुलगा म्हणून चांगला पोट सुटलेला नट. तो तिच्या पाया पडला आणि "आई" म्हणाला. थिएटरात कुणाला काही खटकलं नाही. सगुणाबाई मात्र उठून बाहेर गेली. माझी बायको मागोमाग गेली, तर ती पायरीवर बसलेली.

"कोवया पोट्टीले मोठ्या मानसाची माय कावून केली?" ती म्हणाली.

"अहो, सिनेमा आहे तो."

"मले नका सांगू, मास्तरीनबाई. मी लगन होऊन आली तवा तेरा वर्षांची होती, आन किसना पंधराचा. मांडवातच त्याले माह्या पाया पडाले लावलं. नागपंचमीले पोरी झोका घेत होत्या. मी गेली त आत्यासासू म्हने, जवान पोराची माय झोका घेते का? मंग कधी गेली नाही."

किसन हा तिचा सावत्र मुलगा. गावाबाहेरची फुलबाग तोच पाहायचा. नवरा गेल्यापासून घरात ही दोघंच. तो तिच्याहून मोठा आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कधी कुणाला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आली नाही. किसन आला. टक्कल पडलेला, पाठीत वाकलेला माणूस. दारातच उभा राहिला.

"मास्तर, मायले काय झालं? जेवून नाही राहिली. बोलत बी नाही."

मी बायकोकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले बी तवा लाज वाटे. माय म्हनो, पन तिच्याकडे पाहो नाही." आणि निघून गेला.

पुढच्या चित्रात नटी कॉलेजात जाणारी मुलगी झाली होती. ज्या किसननं आयुष्यात थिएटरची पायरी चढली नव्हती, तो त्या दिवशी बागेचं काम टाकून तिला घेऊन गेला. तिथं काय झालं, ते सगुणाबाईनंच दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मध्यंतरात तो बायकांच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि तिला फुटाणे घ्यायला बाहेर घेऊन आला. "मायले येक पुडी दे, मले येक," असं त्यानं म्हटल्यावर फुटाणेवाला हसला, की एवढ्या जवान मायचा एवढा म्हातारा पोरगा!

"मंग किसना त्याले म्हने, हासू नको. ही माह्याहून लहान हाय. पोट्टी होती तवा आनली आमच्या घरी. माय होशीन का म्हनून कोनी इचारलं नाही तिले. मी बी नाही इचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" माझ्या बायकोनं विचारलं.

"काय म्हनू? फुटाने खाल्ले," सगुणाबाई म्हणाली. "मंग त्यानं आपली पुडी बी मलेच देल्ली."