ताप कोणी उतरवला?

निवृत्त कार्यालय अधीक्षकांचा ताप सतराव्या दिवशी, बुधवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी उतरला आणि त्यामुळे घरात गंभीर पेच निर्माण झाला.

ताप होता तोवर पेच नव्हता. ज्यानं त्यानं आपापल्या देवाला साकडं घातलं होतं आणि कोणी कोणाच्या अर्जात ढवळाढवळ करत नव्हतं. सासूबाईंचे दत्तगुरू. त्यांच्याशी त्या अहो-जाहो करून, नजर खाली ठेवून बोलायच्या. गुरूच ते, चुकलं तर छडी उगारायला कमी करायचे नाहीत. थोरल्या दिरांचा मारुती. तो त्यांचा तालमीतला दोस्त असल्यासारखा. ‘काम झालं नाही तर शनिवारी तोंड दाखवणार नाही’ अशी दमदाटीही चालायची. नणंद देवीची. देवीशी तिचं कडाकडा भांडण व्हायचं, मग रडणं, मग समेट. आईशी होतं तसं, पाच मिनिटांत सगळं. सुनेच्या नवऱ्याला गणपती लागायचा, पण फक्त परीक्षा, मुलाखत आणि दवाखाना या तीन प्रसंगी. एरवी बाप्पांना रजा. खुद्द अधीक्षक शंकराचे. “भोळा आहे,” ते म्हणत. “कागद न वाचता सही करतो. मी पस्तीस वर्षं असा साहेब शोधत होतो.”

सुनेनं कोणालाच साकडं घातलं नव्हतं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. सतरा दिवसांची रजा टाकून ती दवाखान्यात सासऱ्यांच्या खाटेजवळ लोखंडी स्टुलावर बसून राहिली. बाकीची मंडळी देवळांच्या फेऱ्यांत अडकल्यामुळे दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी अधीक्षकांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मांडीवर कोरी फाइल, कानाला पेन्सिल.

“विषय, ताप उतरल्याबाबत,” ते म्हणाले. “आभार मानायचे आहेत, पण योग्य ठिकाणी. चुकीच्या देवाचे मानले, तर ज्यानं काम केलं तो दुखावणार. सगळ्यांचे मानले, तर आपण बाकीच्यांकडेही गेलो होतो हे प्रत्येकाला कळणार.”

“अगं बाई!” सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. “मी दत्तगुरूंना सांगितलंय, तुमच्याशिवाय आम्हाला कोणी नाही म्हणून.”

“मी देवीला तेच सांगितलंय,” नणंद म्हणाली.

बाकीचे खाली बघू लागले. म्हणजे मजकूर सगळ्यांचा एकच होता.

पुरावे मांडायला सुरुवात झाली. दीर म्हणाले, मारुतीला शनिवारी सांगितलं, बुधवारी काम झालं. मध्ये चार दिवस जाणारच, इतकी गर्दी असते त्याच्याकडे. नणंद म्हणाली, “मंगळवारी भांडले, बुधवारी ताप खाली. आईला वार बघावा लागत नाही.” सासूबाईंचं म्हणणं, गुरुवार दुसऱ्या दिवशीच होता, गुरूंनी एक दिवस आधी उरकून दिलं. सुनेच्या नवऱ्यानं सांगितलं की गणपती सगळ्यांच्या आधी असतो, तेव्हा जे काही झालं ते त्याच्यानंतरच झालं. अधीक्षकांनी शंकराची बाजू राखून ठेवली, कारण चौकशी अधिकाऱ्यानं निःपक्ष दिसायला हवं.

“पण बुधवार कोणाचा?” दिरांनी विचारलं.

“विठ्ठलाचा,” सासूबाई सावकाश म्हणाल्या.

विठ्ठलाकडे घरातलं कोणीच गेलं नव्हतं.

“त्याच्याकडे काय मागणार?” नणंद म्हणाली. “तो कमरेवरचे हात काढेल तर ना! नुसतं उभं राहून बघत असतो.”

“शिवाय अर्ज नव्हता,” अधीक्षकांनी निकाल दिला. “अर्ज नसताना कोणी काम केलं असेल, तर ते स्वतःच्या जबाबदारीवर. आपल्यावर आभाराचं बंधन येत नाही.” आणि त्यांनी विठ्ठलाच्या नावावर काट मारली.

इतका वेळ सून दाराशी उभी होती. आता तिला राहवलं नाही.

“बाबा, सोमवारी मी तुमचे जुने कागद चाळत होते. त्यावर लिहिलं होतं की एक औषध तुम्हाला सोसत नाही, त्यानंच ताप येतो. नव्या तक्त्यावर तेच औषध दुसऱ्या नावानं चालू होतं. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, खाकरले आणि औषध बंद केलं. मग दोन दिवसांत ताप उतरला.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, ‘बरं झालं बाई, तू होतीस.’ तिला एवढंच हवं होतं. सतरा दिवसांत पाठीचा काटा ढिला झाला होता, पण तेवढ्या एका वाक्यानं तो सरळ झाला असता.

“हा पुरावा महत्त्वाचा आहे,” अधीक्षक म्हणाले. “आता प्रश्न असा, की तुला ही बुद्धी कोणी दिली?”

“कोणी म्हणजे? माझं कामच आहे ते. दिवसभर चुकाच शोधते मी.”

“विनयशील आहे,” अधीक्षकांनी टिपून घेतलं.

नवरा ताडकन उठला. “बुद्धी म्हणजे गणपती! झालं की सिद्ध!” मारुतीची आशा सुटलेल्या दिरांना गणपतीचा विजयही बघवेना. “अक्षर वाचून सापडलं ना? मग सरस्वती,” ते म्हणाले. आवाज चढले. अखेर नणंद सुनेसमोर आली आणि तिनं एकदम हात जोडले.

“मी देवीला म्हटलं होतं, तू स्वतः येऊन बघ. ती आली. आपल्याच वहिनीच्या रूपानं आली!”

हा तोडगा सगळ्यांना पटला. आभार मानायला आता घराबाहेर पडायला नको होतं. शिवाय ज्यानं त्यानं आपल्या देवाला खासगीत सांगायचं की हिला तुम्हीच पाठवलंत. अधीक्षकांनी सही केली, आणि तीही मजकूर पुन्हा न वाचता.

त्या दिवसापासून सुनेचे हाल सुरू झाले. सासूबाई तिला अहो-जाहो करू लागल्या. तिच्या खुर्चीवर कोणी बसेना. चहा मात्र तिच्याच हातचा हवा असायचा, कारण आता त्याला प्रसादाची चव आली होती. शेजारणी दवाखान्याचे कागद घेऊन रांगेत बसू लागल्या. सून वाचायची आणि सांगायची, “डॉक्टरांना विचारा.” “देवीनं कौल दिला,” असं म्हणत त्या हरखून जायच्या. चार दिवस माहेरी जाते म्हणाली, तेव्हा सासूबाई हात जोडून म्हणाल्या, “अहो, देवीनं देव्हारा सोडून जायचं नसतं.”

“आई, मी दमलेय हो.”

“लीला आहे,” सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या.

दिरांनी तिला बढतीचं काम सांगितलं होतं. बढती दुसऱ्यालाच मिळाली. दिरांनी बोलणं टाकलं. “तिच्या हातात काही नाही, नुसतं नाव झालंय,” असं म्हणून ते मारुतीकडे परतले आणि आपण मध्यंतरी कुठेच गेलो नव्हतो असं त्याला पटवू लागले. ते बघून शेजाऱ्यांतही दोन तट पडले. ज्यांची कामं झाली त्यांच्या मते सून जागृत, उरलेल्यांच्या मते कोपलेली. ती माणूस असावी, अशी शंका कोणत्याच तटाला आली नाही.

मग सुनेलाच ताप आला.

“देवीला ताप?” सासूबाई घाबरल्या. “आपली परीक्षा बघतायत.” नवऱ्यानं उशाशी उदबत्ती लावली. नणंद दारात बसून भांडली, रडली, समेट करून गेली. अधीक्षकांनी मत दिलं की देवीवर इलाज करणं हे वरिष्ठांच्या कामात ढवळाढवळ केल्यासारखं होईल. पाण्याचा तांब्या मात्र कोणी भरून ठेवला नाही. सगळे तिच्याकडे मागायला यायचे. तिला काही लागत असेल, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सून भिंतीला धरून उठली, चपला पायात सरकवल्या आणि एकटीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी नाडी बघितली, घसा बघितला, गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवस झोप काढायला सांगितली. सुनेचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला ‘जेवलीस का?’ असं विचारलं होतं.

ती निघाली तेव्हा बाईंनी उठून दार लावून घेतलं. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“तुम्हीच ना त्या? एक विचारू? माझ्या मुलीचं लग्न काही केल्या जमत नाहीये हो.”

सून मग मटकन पुन्हा स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मुलीचं नाव सांगा.”

तुम्ही हसलात. हसा, अवश्य हसा. पण हसता हसता तुमचंही एक अडलेलं काम तुम्हाला आठवलं, आणि तिचा पत्ता कुठे मिळेल हे विचारायला तुम्ही तोंड उघडलंत, तेवढं मात्र आम्ही बघितलं.