दिघ्यांची तहान

दिघे हातोदच्या रस्त्यावर सायकलशेजारी आडवे पडले होते. ओठ पांढरे, घाम आटलेला. पाण्याची बाटली सायकलला भरलेली तशीच. मी रिक्षातून उतरून ती उघडली तर म्हणाले, "रुको मावशी. मनाची तयारी चाललीय."

सुदामा नगरात हे आमच्या समोर राहतात. बँकेतून रिटायर झाले, बायको सुमन गेली, मग त्यांनी सायकल घेतली. ओंकारेश्वरला एका दमात जाऊन परत यायचंय. "पाय आहेत भिया, मन कच्चा है," असं दूधवाल्यालाही सांगतात.

मन पक्कं करायची त्यांची रीत मी खिडकीतून बघायची. अंगणात सायकल स्टँडवर, तोंड भिंतीकडे, समोर स्टुलावर गरम पोहे-जलेबी. खायचं नाही, पेडल मारायचं. पोहे गार झाले की गाईला.

"भिंतीवर काय दिसतं हो?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. तेच सहन करायचं."

"आणि पोहे?"

"मनाला चिडवायला."

"मनाचं माहीत नाही, गाय जाड झालीय."

उन्हाळा लागला तसं पोह्यांचं खूळ गेलं, पाण्याचं आलं. बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. मी म्हटलं, मराल. म्हणाले, देखेंगे.

त्या दुपारी मी हातोदहून लसूण घेऊन येत होते, म्हणून दिसले. रिक्षावाल्याने नि मी त्यांना ओढत लिंबाच्या सावलीत आणलं. मी पदर भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "अम्मा, अस्पताल चलो," रिक्षावाला म्हणत होता.

मला मात्र राहवेना. "पोह्यांचं कळलं. पाण्याशी काय वैर?"

दिघ्यांनी डोक्यावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाले, "सुमनला शेवटी डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. नुसते ओठ ओले करा म्हणाले. मागायची नाही, माझ्या गिलासकडे बघायची. ते दिवस तिने कसे काढले, मावशी? मला एक दुपार तरी जमते का, बघतोय."

"तिने काढले नाहीत, दिघे. ती गेली."

दिघ्यांनी हात पुढे केला. मी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. थोडं सांडलं, बाकी प्यायले. तुकोगंजच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागलं.

सुमन गेली. दिघे जगले.