कळशीतला फोन

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तांब्याची एक कळशी उलटी टांगलेली होती. तिच्या पोटात बटणांचा जुना फोन लोंबत असे. त्या फोनला एकच नियम होता. वाजला तर उचलायचा नाही. पळायचं.

कळशी नानांची, फोन नानांचा आणि नियमही नानांचा. सैन्यात सिग्नल्समध्ये उभी हयात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले नाना सांगलीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहत. त्यांचं गाव कोयनेच्या वरच्या अंगाला, पाटण तालुक्यातल्या डोंगरात. तिकडे जमीन अधूनमधून हलते. पेपरात आम्ही त्याची चार ओळींची बातमी करतो आणि शेवटी 'कोणतीही हानी झाली नाही' असं लिहितो. ते वाक्य नानांना आवडत नसे.

"हानी न्हाई झाली हे तुमी कुणाला इचारलं?" ते पेपर घेऊन माझ्या दारात येत.

"तहसीलदारांना."

"मंग तहसीलदारास्नी हानी झाली न्हाई असं ल्ह्या."

कळशीतल्या फोनवर एकाच नंबरवरून रिंग येऊ शकत होती. तो नंबर हौसाकाकूंचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा. काकू गावाकडेच राहत. नानांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना मोठ्या दवाखान्यापासून लांब जायला मनाई केली होती, म्हणून ते सांगलीत. काकूंना दोन म्हशी, शेजारपाजार आणि हट्ट होता, म्हणून त्या तिकडे. नोकरीच्या काळात नाना सीमेवर आणि काकू गावात अशी वर्षं गेली होती. आता निवृत्तीनंतरही नाना सांगलीत आणि काकू गावातच होत्या.

व्यवस्था अशी होती. गावाकडे जमीन हलली की काकूंनी पहिल्यांदा फोनचं बटण दाबायचं. इकडे कळशी घुमली की नानांनी शिट्टी फुंकायची आणि इमारतीतल्या सगळ्यांनी खाली मोकळ्या प्लॉटवर जमायचं.

"हादरा जमिनीतनं येतोय," नाना समजावत. "कोयनेपासनं सांगलीला याला त्येला वीस-पंचवीस सेकंद लागत्यात. फोन त्येच्या म्होरं पळतोय. सिग्नल आधी, हादरा मागनं. ओव्हर."

बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणत. त्यानंतर समोरच्याने बोलायचं असे. पण बहुतेक लोक दार लावून घेत.

सवयीप्रमाणे मी भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना विचारून खात्री करून घेतली. ते आधी हसले, मग गंभीर झाले. हिशोब ढोबळ आहे, पण तत्त्व बरोबर आहे, म्हणाले. मोठ्या भूकंपांच्या देशांत हेच काम यंत्रं करतात. हादरा उठतो तिथली यंत्रं पुढच्या गावांना कळवतात आणि पुढच्या गावांना तेवढाच वेळ मिळतो. "फक्त," ते म्हणाले, "जिथं हादरा उठतो तिथल्या माणसाला यातून काही मिळत नाही. सूचना निघते तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन हलतच असते."

हे मी नानांना सांगितलं. ते कळशीची दोरी तपासत होते.

"ठाऊक हाय," म्हणाले. 'ओव्हर' म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी सराव असे. नाना शिट्टी मारत आणि प्लॉटवर उभे राहून उतरणाऱ्यांना शेरे देत. तळमजल्यावरच्या बाईंना 'उत्तम'. मला 'चप्पल शोधत बसला, मेला'. सोसायटीचे सेक्रेटरी चौगुले हळदीचे व्यापारी होते. ते सरावाला येत नसत. "चौगुले, तुमी ढिगाऱ्याखालनं शेक्रेटरीपद चालवा," असं नाना त्यांना जिन्यात सगळ्यांसमोर सांगत.

नवरा-बायकोचं बोलणं मात्र आठवड्यातून एकदा होई. सूनबाई सुनीता स्वतःच्या फोनवरून सासूबाईंशी बोले, म्हशींपासून पापडांपर्यंत सगळं विचारून घेई आणि शेवटी फोन नानांपुढे धरी. घरातली चार माणसं ऐकत असत.

"जेवलीस?" नाना विचारत.

"व्हय. तुमी?"

"व्हय."

"बरं."

"ठेव मंग."

एवढंच. सुनीता म्हणायची, "आयुष्यभर वायरलेसवर बोलले, पण आईंशी बोलायची वेळ आली की बॅटरी उतरते."

व्यवस्था सुरू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी कळशी वाजली.

त्या वेळी मी घरी होतो आणि जे पाहिलं ते सांगतो. नानांची शिट्टी ऐकताच माणसं धावली. तळमजल्यावरच्या बाई कणकेची परात घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी टीव्हीचा रिमोट घेऊन उतरले. चौगुले अर्ध्या गालावर साबणाचा फेस असलेले, बनियनवर, पण सर्वांत आधी पोचले. आम्ही प्लॉटवर उभे राहून इमारतीकडे बघत राहिलो. इमारत उभी होती. एक कावळा टाकीवर येऊन बसला आणि उडून गेला. बराच वेळ काही घडलं नाही.

शेवटी नानांनी सुनीताच्या फोनवरून गावाकडे फोन लावला. सगळे ऐकत होते.

"हौसा, किती हाललं?"

"काय हाललं?"

"रिंग दिलीस न्हवं तू!"

"आवं, मी डोळं दावाया कराडला गेलती न्हवं का. आत्ताच यष्टीनं आले. पोचले म्हून दिली की रिंग."

आमच्याकडे प्रवास करून माणूस घरी पोचला की मिस कॉल देतो. उचलायचा नसतो, खर्च होत नाही आणि सुखरूप पोचल्याचं कळतं. काकूंनी वर्षानुवर्षांच्या सवयीने तेच केलं होतं. नानांनीही त्याच नंबरावर, त्याच मिस कॉलवर भूकंपाची व्यवस्था उभी केली होती आणि ही सवय त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

चौगुल्यांनी गालावरचा फेस पुसला. "सुभेदार, उद्याच्या उद्या ती कळशी खाली उतरवा."

"एक चूक झाली म्हून?"

"माझा बीपी वाढला ना!"

"चौगुले, आज तुमी पयले आलासा," नाना म्हणाले. "उत्तम."

कळशी राहिली. पण नानांनी काकूंना बजावलं की यापुढे जमीन हलल्याशिवाय रिंग द्यायची नाही.

"मंग मी पोचले ते तुमास्नी कसं कळायचं?" काकूंनी विचारलं.

"न्हाई कळलं तरी चालंल."

चाललं नाही. पुढचे काही महिने मी जवळून पाहिले. काकू बाजाराला गेल्या, माहेरी लग्नाला गेल्या, पुन्हा कराडला गेल्या, की नाना जिन्याच्या पायरीवर कळशीखाली येऊन बसत. हातात पेपर असे, पण पान उलटत नसे. एसटी किती वाजता गावात पोचते हे त्यांना ठाऊक होतं. ती वेळ झाली की ते मान वर करून कळशीकडे बघत. कळशी गप्प असे. मग ते उठून घरात जात.

मी रात्रपाळी करून दुपारी उठत असे. दार उघडलं की नाना विचारत, "पेपरवाले, तिकडं काय हाललं का?"

"नाही नाना. काही नाही."

"आसं?"

रोजचा हा प्रश्न काळजीचा होता, यात मला शंका नाही. पण माझं 'नाही' ऐकल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायला हवा तसा होत नसे. सुटका झालेला माणूस असा खांदे पाडून आत जात नाही. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. जमीन हलल्याशिवाय बायकोची रिंग येणार नाही, अशी व्यवस्था या माणसाने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

एकदा मी म्हणालो, "काकूंना इकडेच घेऊन या की."

"चार येळा बोलावलं. म्हनती, सांगलीत जमीन हालली तर मला कळायची न्हाई. हितली हालली तर पायाला कळती." मग म्हणाले, "आन मी जातो म्हनलं तर पोरगं डॉक्टरला फोन लावतंय."

पावसाळा संपल्यावर एका दुपारी कळशी पुन्हा वाजली.

या वेळी निम्मेच लोक धावले. बाकीच्यांना वाटलं, काकू कुठून तरी पोचल्या असतील. आम्ही प्लॉटवर येऊन उभे राहिलो आणि तेवढ्यात तारेवर वाळत घातलेले कपडे वारा नसताना हलले. पार्किंगमधल्या एका दुचाकीचा आरसा थरथरला. जमीन पायाखालून सरकल्यासारखी वाटली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही, भिंतीला चीरही गेली नाही. पण हादरा कळशीच्या मागून आला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

चौगुल्यांनी नानांना मिठी मारली. तासाभरात ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले की कळशीला सोसायटीच्या खर्चाने नवी दोरी लावू. नाना आपल्या घरी खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. "सिग्नल आधी," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

मला बातमी दिसत होती. नानांच्या शेजारी बसून मी काकूंना माझ्या फोनवरून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. तसं मी काकूंना सांगितलं नाही.

"काकू, हादरा बसला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"मी व्हय? परड्यात व्हते. भांडी घासत."

"मग फोन तुमच्याजवळ होता?"

"न्हाई ओ. फोन आतल्या खोलीच्या खिडकीत असतोय. तितंच रेंज येती. हाललं तशी मी पळत आत गेले."

"आत?"

"मंग? फोन आतच न्हवं का. बटन दाबलं आन आले भायेर."

चौगुल्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"काही लागलं-बिगलं नाही ना?" मी विचारलं.

"एक कौल आलं खांद्यावर. लय न्हाई, सुजलंय वाईच. हळद लावली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नका हां. उगं जीवाला घोर लावून घेत्यात. त्यांचं झालं का येळंत खाली जानं? जिना उतरताना दम लागतोय त्यास्नी."

मी 'हो' म्हणालो आणि फोन बंद केला. नाना उठले. जिन्यात गेले. कळशी खाली काढून आणली, फोन बाहेर काढला आणि त्याची बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

"ती भायेर व्हती," ते म्हणाले. "भायेर मोकळ्यात व्हती, पेपरवाले. मी तिला आत धाडली."

बातमी मी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पिशवी भरून उभे होते. मुलाने डॉक्टरांचं नाव काढलं. नाना म्हणाले, "डॉक्टरला म्हनावं, छाती माझी हाय." मुलगा आणखी बोलणार होता. सुनीताने त्याला हाताने थांबवलं, महिन्याभराच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दिल्या आणि सासऱ्यांच्या पाया पडली. सोडायला मी माझी गाडी काढली. पाटणच्या पुढे डोंगर लागला तेव्हा नाना म्हणाले, "गाडी दाबा की वाईच."

काकू अंगणात होत्या. नानांना बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं, दवाखान्याचं काय?"

"खांदा दाव."

"कुनी सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हशीकडे बघू लागलो.

घर कौलारू, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत, उंबऱ्याला लागून, एक खाट होती. तिच्यावर वाकळ घडी घालून ठेवलेली, ऊन दाखवलेली, उशीचा अभ्रा धुतलेला. मी तिच्यावर टेकलो तशा काकू म्हणाल्या, "तितं नका बसू. ती ह्यांची हाय."

मला समजेना. नाना दोन वर्षं सांगलीत होते. काकूंनी सांगितलं की कोयनेच्या मोठ्या भूकंपानंतर सासूबाईंनी घरात रीत घातली होती. ज्याला पळणं जड, त्याने दाराशी निजायचं. नानांचं ऑपरेशन झालं त्या दिवशी काकूंनी ही खाट दाराशी आणून ठेवली होती.

"आन तू कुटं निजतीस?" नानांनी विचारलं.

काकूंनी आतल्या खोलीकडे हनुवटी केली. तिथे, वरच्या माळ्याखाली, भिंतीच्या अंगाला त्यांची खाट होती.

"दोन वर्सं हितली खाट मोकळी, आन तू त्या माळ्याखाली?"

"जागा तुमची. मी कशी निजू?"

नाना आत गेले आणि काकूंची खाट ओढत बाहेर आणू लागले.

"आवं, छातीला ओढ बसंल! ठेवा ती!"

"तू दाराशी निजायचं."

"मी न्हाई. मला पळता येतं."

"खांद्यावर कौल घेऊन?"

मी खाटेचा एक पाय धरला, काकूंनी दुसरा धरून मागे ओढला. शेवटी दोन्ही खाटा उंबऱ्याशी आल्या. दार तेवढं रुंद नव्हतं. एक आडवी, एक तिरकी, आणि मध्ये पाऊल ठेवायला जागा नाही. त्या अवस्थेत त्या घरातून पुढच्या दाराने मांजरसुद्धा बाहेर पडू शकलं नसतं. हे मी दोघांच्या नजरेस आणून दिलं. कुणी ऐकलं नाही.

चहा झाला. मला ड्यूटी होती. मी परसदाराने बाहेर पडलो आणि घराला वळसा घालून गाडीपाशी आलो. उघड्या दारातून दोघं दिसत होती. आपापल्या खाटेवर बसली होती, गुडघ्याला गुडघे लागत होते आणि वाद अजून मिटला नव्हता.

"सरा की वाईच तिकडं," काकू म्हणत होत्या.

"कुटं सरू? हाय का जागा?"

दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.